रांगोळीनं घासलेला तारा

“रांगोळी? रांगोळीनं घासलंस? अगं, ते काय देव्हाऱ्यातलं निरांजन आहे?”

डॉक्टरांचा आवाज मला ड्राइव्हवेवरच ऐकू आला. आता त्यांचा ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून दारापर्यंतची वाट, साधी नाही. एका टोकाला बर्फ पडत असतो तेव्हा दुसऱ्या टोकाला लोक पन्हं पीत असतात. तरीही ऐकू आला, म्हणजे बघा. मिशिगनमधल्या आमच्या अख्ख्या नोव्हाय गावानं ऐकला असणार. पलीकडच्या तळ्यावरची बदकं उडाली ती मी स्वतः पाहिली.

दसऱ्याचा दिवस होता. बायको पुढं आत गेली होती आणि मी एका हातात तिनं केलेल्या श्रीखंडाचा डबा आणि कोटाच्या आतल्या खिशात माझं मेडल घेऊन दारात बूट काढत होतो. मुद्दाम उशिरा आलो होतो. लवकर येऊन काय करायचं? त्यांच्या घरी जाऊन त्यांच्याच वस्तूचं कौतुक सगळ्यांच्या आधी करायचं?

आत गेलो तर स्वयंपाकघरात बायकांचा घोळका, मधोमध डॉक्टर, आणि सिंकपाशी हाताला पांढरी भुकटी लागलेल्या वहिनी. वहिनी म्हणजे डॉक्टरांची बायको. मूळच्या नागपूरच्या, नवऱ्यासारख्याच. फरक इतकाच की त्या कधी आवाज चढवत नाहीत.

“चांदी आहे ना ती?” वहिनी म्हणाल्या. “चांदीला रांगोळीच लावतात. पितळ असतं तर चिंच लावली असती. मला कळतं तेवढं.”

“अगं पण घासायचंच कशाला?”

“पूजेत काळं कोण मांडतं? समई घासली, तांब्या घासला, ताम्हन घासलं, त्यात हेही घासलं. तुम्हीच आणून ठेवलंत ना ओट्यावर, पूजेचं आहे म्हणून?”

डॉक्टरांच्या तळहातावर तो तारा होता. लाल मिन्याचा, मधे बंदूक घेतलेला शिपाई. रशियन लोक याला ‘लाल तारा’च म्हणतात. हिटलरशी लढताना त्यांच्या फौजेनं पराक्रमासाठी दिलेलं सन्मानचिन्ह, अस्सल चांदीचं. काल रात्रीपर्यंत तो ऐंशी वर्षांच्या काळोखीनं माखलेला, धीरगंभीर, इतिहास पोटात घेऊन बसलेला तारा होता. आता तो मुंजीतल्या बटूसारखा लखलखत होता.

माझ्या मनात त्या क्षणी जे झालं त्याला सुसंस्कृत मराठीत शब्द नाही. चेहऱ्यावर मी सुतक आणलं. आत मात्र ढोल-ताशा पथक वाजत होतं.

कारण तो तारा मला हवा होता. पहिल्यापासून. आणि तो आधी मी पाहिला होता.

हे नीट सांगायला हवं. मी चाळीसेक वर्षं मोटारींचे ब्रेक डिझाइन केले. आमच्या या गावात दगड मारला तर तो ब्रेकवाल्याला लागतो, नाही लागला तर गिअरवाल्याला. निवृत्त झाल्यावर लोक गोल्फ खेळतात. मी सोव्हिएत मेडलं जमवायला लागलो. असला छंद असलेला मराठी माणूस डेट्रॉइटपासून पार पॅसिफिक महासागरापर्यंत एकच होता, तो म्हणजे मी. मग डॉक्टर निवृत्त झाले. हाडांचे डॉक्टर. आधी त्यांनी माझ्यासारखी खुर्ची घेतली. मग माझ्यासारखी बर्फ उडवायची मशीन घेतली, अर्थात दुप्पट मोठी. ती सुरू केली की आमच्या घरातली भांडी वाजतात. आणि मग एक दिवस माझ्या तळघरात येऊन म्हणाले, “साहेब, हे मेडलांचं काय असतं हो? आम्हालाही शिकवा की.”

मी शिकवलं. माझ्याइतका भोळा माणूस मी पाहिलेला नाही.

मी शिकवलं की युद्ध संपल्यावर ‘विजया’ची पितळी मेडलं लाखोंनी वाटली, ती हुरळून जाऊन घेऊ नका. लाल तारा घ्यायचा तर उलटा करून मागं बघा. मागं स्क्रू असतो, त्यावर चकती फिरवून तो कोटाला बसवायचा. टाकसाळीची खूण असते आणि हातानं कोरलेला नंबर असतो. नकली तारा साच्यात ओतलेला असतो, त्यामुळे भिंगाखाली त्याच्यावर बारीक बुडबुडे दिसतात, पहिल्या घावनासारखे. मिना उडाला असेल तर बदमाश लोक तिथं नेलपॉलिश लावतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घासायचं नाही. काळोखी हीच त्याची इस्टेट. जमवणारे लोक घासलेलं मेडल बघून असं तोंड करतात, जसं आपण बशीत ओतून कॉफी फुरकणाऱ्याकडे बघून करतो.

“आणि नंबरावरून,” मी म्हणालो होतो, “मूळ माणूस सापडतो, डॉक्टर. कुणाला दिलं, का दिलं, सगळं त्यांच्या लष्करी दफ्तरात आहे. ज्यांना रशियन येतं असे लोक ते काढून देतात.”

माझ्या मेडलाचा माणूस मी तसाच काढला होता. माणूस कसला, मुलगी होती. माझं मेडल ‘शौर्यासाठी’ दिलेलं. गोल, चांदीचं, वर तीन विमानं, खाली रणगाडा, मधे लाल अक्षरं, करड्या फितीला निळ्या कडा. ते पलीकडच्या वसाहतीतल्या एका म्हाताऱ्या रशियन बाईंच्या घरसामानाच्या विक्रीत बटणांच्या डब्यात सापडलं. चौकशीचं उत्तर यायला अख्खा हिवाळा गेला. ती मुलगी पायदळातली शुश्रूषा करणारी होती. गोळीबार चालू असताना नदीकाठच्या शेतातून जखमींना ओढून आणलं. नुसत्या जखमींना नाही, त्यांच्या बंदुकांसकट. तिथं तसाच दंडक होता, माणूस आणा आणि त्याची बंदूकही आणा.

ही गोष्ट मी प्रत्येक पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, सांगितली. पहिल्यांदा सांगितली तेव्हा तिनं चार जखमी आणले होते. गणपतीला बारा झाले. कुणाच्या तरी सुनेच्या डोहाळजेवणाला मी गेलो तोवर पंचवीस झाले होते आणि त्यातला एक तर घोड्यासकट होता. लोक माना डोलवायचे. आणि डॉक्टर? डॉक्टर दर वेळी हात पुढं करायचे. “बघू.” मी द्यायचो. ते चष्मा कपाळावर चढवून ते मेडल इतका वेळ धरायचे की पुऱ्या गार व्हायच्या. एकदा विचारलं, “तिच्याकडे मोडलेली हाडं बांधायला काय होतं हो? फळ्या होत्या का?” मी मनात म्हटलं, हा माणूस खोट शोधतोय. माझ्या वस्तूत खोट काढल्याशिवाय याला जेवण जात नाही.

मग ती नाण्यांची जत्रा. दर वर्षी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरते. नाणी, तिकिटं, जुने बिल्ले. कोपऱ्यातल्या टेबलावर एक टोपीवाला म्हातारा, कानात मशीन, समोर एक ट्रे. त्या ट्रेमध्ये शाळांच्या बिल्ल्यांच्या आणि कफलिंकांच्या गर्दीत मला तो दिसला. काळाकुट्ट. लाल मिना धुरकटलेला. एका टोकाचा किंचित टवका उडालेला, नेलपॉलिश नाही, प्रामाणिक टवका. माझं हृदय असं उडालं की शेजारच्या टेबलावरची नाणी हलली.

इथं मी एक चूक केली. डॉक्टरांच्या दंडाला धरून म्हणालो, “बघितलंत? तो बघितलात?” आणि दुसरी चूक म्हणजे माझं भिंग गाडीत राहिलं होतं. भिंगाशिवाय घ्यायचं नाही हा माझाच नियम. गाडी लावली होती पार पलीकडच्या शाळेच्या पार्किंगमध्ये. मी गेलो. पळत गेलो असं म्हणणार होतो, पण माझे गुडघे डॉक्टरांनीच बघितलेत, तेव्हा ते खोटं ठरेल. परत आलो तर ट्रेमध्ये कफलिंक होते, बिल्ले होते, आणि मधे एक रिकामी जागा.

डॉक्टर कॉफी पीत उभे. खिसा थोपटून म्हणाले, “घेऊन टाकला बाप्पा. तुम्हीच म्हणालात ना चांगला आहे म्हणून.”

चांगला आहे असं मी म्हणालोच नव्हतो. मी फक्त ‘बघितलंत’ म्हणालो होतो.

त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना. बायको म्हणाली, “आता त्यांनी घेतला तर घेतला. त्यांच्याकडे काय कमी आहे?” तेच तर! काय कमी आहे म्हणून घेतला? मी तळघरात जाऊन माझ्या मेडलाकडे बघायचो तर ते मला वाळलेल्या चपातीसारखं दिसायचं. जखमी ओढणारी मुलगी, नदी, शेत, सगळं फिकं. डोळ्यांसमोर तारा. त्यात डॉक्टरांनी आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला: “यंदा शस्त्रपूजेत आमचा लाल तारा! सर्वांनी यावे.” त्याखाली नमस्काराचे इतके हात आले की माझा फोन गरम झाला. मी एक अंगठा टाकला. तोही बायकोनं बघितलं म्हणून.

आमच्याकडे शस्त्रपूजा अशी की ज्याचं पोट ज्यावर चालतं ते त्यानं चौरंगावर मांडायचं. पोरंपोरी लॅपटॉप आणतात, कुणी गाडीच्या किल्ल्या, डॉक्टरांचा स्टेथोस्कोप असतोच. मी एकदा ब्रेकपॅड मांडलं होतं. यंदा मी ठरवलं होतं की माझं मेडल नेऊन ताऱ्याच्या अगदी शेजारी ठेवायचं. बघू देत सगळ्यांना. एकाला गोष्ट आहे, दुसऱ्याला नुसता रंग.

तर मी आता त्या स्वयंपाकघरात उभा होतो आणि डॉक्टर तो चकचकीत तारा माझ्यासमोर धरून म्हणत होते, “साहेब, तुम्हीच सांगा. काय राहिलं यात?”

बाहेरच्या खोलीतली मंडळीही दारात आली. मी कोट काढला नाही. आधी खिशातून भिंग काढलं. त्या जत्रेच्या दिवसापासून मी भिंग आंघोळीलाही बरोबर नेतो. तारा उलटा केला, सुलटा केला, खिडकीपाशी नेला. सुस्कारा सोडला. मला सुस्कारा चांगला जमतो, बायको म्हणते मी त्यातच पदवी घेतली.

खरं सांगायचं तर तारा ठणठणीत होता. अस्सल होता. काळोखी गेली, चांदीवर बारीक ओरखडे आले, भाव पडला, हे खरं. पण मिना शाबूत होता, स्क्रू शाबूत होता, आणि रांगोळीनं एक उपकारच केला होता. मागचा नंबर, जो मळाखाली बुजून गेला होता आणि डॉक्टरांना काही केल्या वाचता येत नव्हता, तो आता दुकानाच्या पाटीसारखा स्वच्छ वाचता येत होता.

मी म्हणालो, “डॉक्टर, जमवणाऱ्याच्या दृष्टीनं... गेला.”

“गेला?”

“तुम्ही पेशंटच्या नातेवाइकांना सांगता ना बाहेर येऊन? तसंच समजा.”

वहिनींनी हात धुतले. “एवढं काय त्यात,” त्या म्हणाल्या. “आता निदान शिपायाचं तोंड तरी दिसतंय.”

डॉक्टर स्टुलावर बसले. “मग ठेवून काय करू? फेकून देतो.”

“फेकता कशाला?” माझा आवाज जरा जास्तच पटकन निघाला. बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी खोकलो. “म्हणजे, मला द्या. माझ्याकडे पडून राहील. शिकवायला बरा, घासलं की काय होतं ते दाखवायला.”

“फुकट?”

“फुकट कसं, डॉक्टर...”

“तुमचं ते द्या मग. नर्सबाईचं.”

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. तिथं ती मुलगी होती, करड्या फितीसकट, अंगावर अजून सगळी काळोखी मिरवत. हिवाळाभर वाट बघून मिळवलेली. पण समोर तारा चमकत होता, डॉक्टरांच्या हातात, आणि डॉक्टरांच्या हातात होता म्हणूनच इतका चमकत होता, हे मला तेव्हा कोण सांगणार? मला एवढंच दिसलं की हा माणूस हरलाय, आणि मी इथून तारा घेऊन बाहेर पडू शकतो, सगळ्या मंडळासमोर.

“आज दसरा आहे,” डॉक्टर म्हणाले. “सोनं म्हणून द्या-घ्या. बस.”

मिशिगनमध्ये आपटा मिळत नाही. आम्ही रेडबड नावाच्या झाडाची पानं वापरतो. तीही आपट्याच्याच कुळातली आणि ऑक्टोबरात आपोआप पिवळी होतात, म्हणजे सोन्याचा रंगही मिळतो. वहिनींनी ताटातून दोन पानं आणली. डॉक्टरांनी एका पानावर तारा ठेवून माझ्या हातात दिला. मी दुसऱ्या पानावर माझं मेडल ठेवून त्यांच्या हातात दिलं. “सोन्यासारखे राहा,” दोघंही म्हणालो. वीसेक माणसांनी टाळ्या वाजवल्या. आणि दसऱ्याला हातात दिलेलं सोनं कुणी परत मागत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

घरी येताना मी गाडी चालवत नव्हतो, गाडी तरंगत होती. सिग्नलला हिरवा दिवा मला बघून लागत होता. बायकोला म्हणालो, “बघितलंस? शेवटी आलाच ना?” ती म्हणाली, “श्रीखंडाचा डबा तिथंच राहिला.”

पुढच्या आठवड्यातच मी ताऱ्याचा नंबर पाठवला. आता मला माणूस हवा होता. रणगाडा उडवणारा, पूल उडवणारा, निदान एखादी टेकडी तरी घेणारा. नाताळाच्या सुमारास उत्तर आलं. ताऱ्याचा मालक पलटणीच्या भटारखान्याचा मुख्य होता. वेढ्यात अडकलेल्या तुकडीला भट्टी बंद न पाडता पाव पुरवत राहिला, म्हणून तारा.

मी प्रयत्न केला. खोटं नाही सांगत, खूप प्रयत्न केला. एका वाढदिवसाला मी सांगितलं की बॉम्ब पडत होते आणि हा माणूस एका हातानं कणीक मळत दुसऱ्या हातानं मशीनगन चालवत होता. एका काकूंनी विचारलं, “मैद्याचा पाव की गव्हाचा?” दुसऱ्या म्हणाल्या, “यीस्ट मिळत होतं का हो तिथं?” गोष्ट तिथंच संपली. पंचवीस जखमी आणि घोडा आता दुसऱ्याच्या मालकीचे होते.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला डॉक्टरांकडे गेलो. बाहेर बर्फ इतका की त्यांच्या मशीननं केलेले ढीग दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांतून आत डोकावत होते. बायको आणि वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. मी बैठकीत उभा राहिलो आणि मला ते दिसलं.

भिंतीत नवं काचेचं कपाट होतं. दिवा आतून, मंद. मी शिकवल्यापासून त्यांनी घेतलेली बाकीची मेडलं, अख्खा कोट भरेल एवढी, कुठं गेली होती कुणास ठाऊक. कपाटात एकच मेडल होतं. माझं. करडी फीत सरळ केलेली, काळोखी तशीच, विमानं तशीच. त्याच्या खाली डॉक्टरांचा जुना स्टेथोस्कोप गुंडाळून ठेवलेला. त्या दिव्यात ते असं दिसत होतं की माझ्या तळघरात ते इतकी वर्षं होतं तेव्हा मी कुठं बघत होतो, असं मला वाटलं. माझ्याच वस्तूचा मला असा हेवा वाटला की हातातला तिळगुळाचा लाडू चुरला.

“फारच छान लावलंय,” मी म्हणालो. दातओठ खात, पण म्हणालो.

“हां,” डॉक्टर म्हणाले. लाडू खात खुर्चीत बसले. माझ्यासारखीच खुर्ची, पाय वर करायची.

“रोज बघता की काय?”

“सकाळी चहा घेताना बघतो. त्या पोरीकडे फळ्याही नसतील हो. बंदुकाच बांधल्या असतील पायाला. म्हणून आणत असतील बंदुका.”

हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. एवढी पॉटलकं झाली, कधीच नाही. आता पुढच्या वेळी ही गोष्ट सांगितली असती तर लोक उठून उभे राहिले असते. पण सांगणार कोण? मेडल यांचं.

मी कपाटासमोरून हललो नाही. काचेवर माझा श्वास उमटला. मग मी सहज, अगदी हवापाण्याबद्दल विचारावं तसं विचारलं, “तारा गेल्याचं वाईट वाटतं का हो, डॉक्टर? वाटत असेल तर सांगा. आपलं माणूस म्हणून सांगतो, मी काही अडून बसणारा नाही. आत्ता आणून देतो. हे मी नेतो, ते तुम्ही ठेवा.”

डॉक्टरांनी लाडवाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. हात झटकले.

“नाही हो,” ते म्हणाले. “तो तुम्ही बघत होतात, म्हणून घेतला होता.”